छत्री, काठी आत नेऊ नये

गोरेवाड्याच्या मागे, काटोल रोड सोडून दीड किलोमीटर कच्चा,
तिथं सोडवून आणलेली माकडं ठेवतात.
तिकीट नाही. एक वही, नाव लिहा, गाव लिहा,
आणि फाटकावर पत्रा:
खायला देऊ नये. दात दाखवू नयेत.
छत्री, काठी आत नेऊ नये.

आम्ही सहा जण, एका व्हॅनमध्ये.
आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झालेले,
हिरवा चष्मा, वर काळी छत्री.
पत्रा वाचून दाखवला तर म्हणाली,
मी म्हातारी, मले कोण माकड पुसते.
सुषमाच्या मांडीवर सांबारवडीचा डबा,
पोरं खिडकीत,
आणि मागच्या सीटवर कुंदा,
जी चल म्हटलं की चलते,
कुठं ते विचारत नाही.

उईके नावाचा पोरगा फिरवत होता.
हा कामठीचा, तारेवर चिपकला होता, हात गेला.
ह्याले सावनेरच्या एका मास्तरनं पोटच्या पोरावानी पाळला,
मंग चावला, त आणून टाकला.
टिनूनं विचारलं, हे जंगलात परत कधी जातील?
जाता येते ते जातात, तो म्हणाला,
काही राहतात.

शेवटच्या पिंजऱ्यात मैना.
लाल तोंड, गळ्याभोवती केस नसलेली एक रेघ,
दोरीच्या रुंदीची.
मदाऱ्याकडून आणून चार वर्षं झालेली.

टिनूनं आजीच्या हातची छत्री घेतली, मिटली,
टोक जमिनीवर आपटलं. एकदाच.

मैना उठली.
कोपऱ्यातला गोणपाटाचा तुकडा उचलून डोक्यावर घेतला, पुढं ओढला,
आणि चालायला लागली दोन पायांवर,
मान खाली, एक हात कमरेवर,
या जाळीपासून त्या जाळीपर्यंत.
मध्येच थांबली. वळून पाहिलं.
डोळ्यांवर हात घेतला. पुन्हा चालली.

सासरी कशी जाते!
मी ओरडलोच. लहानपणी इतवारीत पाहिलेला खेळ,
डमरू, पोत्यावर पडणारी चिल्लर,
सगळं एकदम आठवलं,
आणि मी हसलो. सगळ्यात आधी मी.
मग पोरं, मग सुषमा, मग आईसुद्धा.

छत्री खाली ठेवा भाऊ, उईके म्हणाला.
काठी दिसली का ते सुरू होते.
कोणी म्हणत नाही तिले, कोणी मारत नाही.
आता येऊन हात पसरीन.

तिनं पसरला.

दोनदा मीच पोचवून आलो होतो कुंदाला.
गणेशपेठच्या स्टँडवरून आर्वीची गाडी,
खिडकीशी ती, पदर पुढं,
माझ्या मांडीवर संत्राबर्फीचा डबा.
दुसऱ्या वेळी तिच्या मनगटाला पट्टी होती.
मी म्हटलं होतं, होते थोडंफार, सगळीकडेच.
तिसऱ्या वेळी ती रात्रीच्या गाडीनं एकटीच आली.
अकरा वर्षं झाली त्याला.
अजून घरापुढं मोटरसायकल थांबली
की ती ताट बाजूला सारून उठते.

कुंदा पुढं झाली.
टिनूच्या हातून छत्री घेतली, हिसकली नाही,
आणि आलो त्या वाटेनं फाटकापर्यंत गेली
उन्हातून, छत्री न उघडता.
परत यायला सात-आठ मिनिटं लागली असतील.
तोवर मैनेनं गोणपाट टाकून दिला होता
आणि पायाच्या बोटांत काहीतरी शोधत बसली होती,
माकडासारखी.

बाहेर पळसाखाली डबा उघडला.
वडी गार झालेली, तरी कुंदानं दोन खाल्ल्या,
तिसरी मागून घेतली.
आई म्हणाली, माही छत्री?
मी आणतो, म्हटलं.

पत्र्याखाली भिंतीला टेकवून ठेवली होती तिनं.
वही उघडीच होती, आमची सहा नावं.
कुंदाच्या नावापुढं आडनाव नव्हतं,
गाव होतं.

छत्री घेऊन व्हॅनकडे येताना
तिचं टोक मी जमिनीला लागू दिलं नाही.